एलएलव्हीएममधले कॉन्स्टंट: दूध संस्थेच्या दरावर आठ महिने वापरल्यानंतर

मी कोल्हापुरात राजारामपुरीत बसून दूध संस्थांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. दराचे नियम सारखे बदलतात. फॅटचा एक पॉइंट (०.१) वाढला की इतके पैसे जास्त, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) अमक्याखाली गेला की इतकी कपात. पूर्वी प्रत्येक बदलाला मी प्रोग्रॅम दुरुस्त करून पाठवायचो. गेल्या वर्षी ठरवलं, की नियम लिहायला एक छोटी भाषाच करू, सचिव स्वतःच नियम लिहितील आणि कंपायलर त्याचा थेट मशीन कोड करेल. मागच्या तारखेपासून फरक काढायचा म्हटलं की लाखो नोंदी पुन्हा मोजाव्या लागतात आणि संस्थेतला पीसी जुना असतो, म्हणून वेग हवा होता. मागच्या बाजूला, मशीन कोड बनवायला, एलएलव्हीएम या कंपायलर बनवण्याच्या तयार साधनसंचाची १८ वी आवृत्ती घेतली.

एलएलव्हीएम किती चांगलं यावर भरपूर लिहिलं गेलंय. मी फक्त एका भागाबद्दल लिहितोय, तो म्हणजे आयआरमध्ये म्हणजे मधल्या कोडमध्ये स्थिर आकडे (कॉन्स्टंट) कसे ठेवतात. सुरुवातीला मला यात काही विषयच दिसला नव्हता. पाच लिहिलं की पाच. प्रत्यक्षात आठ महिन्यांतला सगळ्यात जास्त वेळ या आकड्यांनीच घेतला.

पहिली तक्रार करवीर तालुक्यातल्या एका संस्थेच्या सचिवांची आली. "अरं, सहा पॉइंट एकला सहाचाच दर लागतोय बघ. सहा तीनला बरोबर लागतोय." मी दोन दिवस दरपत्रकच तपासत बसलो. फॅट मशीनकडून येणारा आकडा मी ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये (दशांश आकड्याच्या छोट्या प्रकारात) घेत होतो आणि नियमातला ६.१ माझा कंपायलर ६४ बिटांच्या डबलमध्ये (त्याच्याच मोठ्या प्रकारात) ठेवत होता. ६.१ हा आकडा बायनरीत नेमका बसतच नाही. फ्लोटमध्ये तो ६.०९९९९९९०४६ होतो, आणि तो रुंद करून डबलमधल्या ६.१ शी ताडला की लहान भरतो. म्हणजे "फॅट ६.१ किंवा जास्त" ही अट खोटी. ६.३ मात्र फ्लोटमध्ये किंचित वर, ६.३०००००१९ असा गोल होतो, म्हणून तो सुटतो. कागदावर मांडलं तर ६.१, ६.२, ६.६, ६.७ हे सगळे खाली घसरतात, ६.३, ६.४, ६.८, ६.९ वर जातात, आणि ६.० व ६.५ तेवढे नेमके बसतात. काही उत्पादकांना एका पॉइंटचे पैसे कमी गेले होते. पुढच्या बिलात आम्ही फरक काढून दिला, पण ती गोष्ट मला अजून लागून राहिली आहे.

एलएलव्हीएमने यात काहीच चूक केली नव्हती. उलट त्याच्या मजकुरात ही गोष्ट उघड दिसते. फ्लोटचा ०.१ छापायला सांगितला तर ते दशांशात छापतच नाही, सोळाच्या पायातले बिट दाखवतं, आणि हाताने "फ्लोट ०.१" लिहून दिलं तर ते घ्यायला नकार देतं. कारण तो आकडा त्या प्रकारात नेमका नाही. पहिल्यांदा हा आडमुठेपणा वाटला होता. आता वाटतं, दूध संस्थेच्या प्रत्येक सॉफ्टवेअरने असंच वागायला हवं. माझी चूक अशी, की मी कॉन्स्टंटएफपी, म्हणजे एलएलव्हीएमचा दशांश कॉन्स्टंट, बनवताना सी++ चा डबल हातात देत होतो. तिथेच मजकूर देण्याचीही सोय आहे. नियमात सचिवांनी टाइप केलेली अक्षरं जशीच्या तशी दिली तर त्या प्रकारापुरतं एकदाच गोल होतं, वाटेत दुसऱ्या प्रकाराचा हात लागत नाही.

सगळं डबलमध्ये आणल्यावर पावतीवर "-०.००" छापून यायला लागलं. कपातीचे पॉइंट शून्य, कपातीचा दर उणे पाव रुपया, गुणाकार उणे शून्य. गणकाच्या फ्लोटमध्ये उणे शून्य खरंच वेगळं असतं आणि एलएलव्हीएम ते वेगळा कॉन्स्टंट म्हणूनच ठेवतं, कारण कॉन्स्टंटची ओळख बिटांवरून ठरते, किमतीवरून नाही. मी शेवटी "+ ०.०" जोडलं. भीती होती, की ऑप्टिमायझर (कोड आटोपशीर करणारा भाग) ते निरर्थक समजून काढून टाकेल. नाही काढलं. उणे शून्यात शून्य मिळवलं की अधिक शून्य होतं, म्हणून ती बेरीज निरर्थक नाही हे त्याला ठाऊक असतं. मात्र उणे शून्य मिळवलं असतं तर काढलं असतं. इतकी बारकाईची काळजी पाहून मी खरंच भारावलो.

आता जिथे मी अडखळलो ती मुख्य जागा. एलएलव्हीएममध्ये एका कॉन्टेक्स्टमध्ये (त्याच्या एका सामायिक साठ्यात) प्रत्येक कॉन्स्टंट एकदाच असतो. ३२ बिटांचा ५ तुम्ही हजार वेळा मागितला तरी तोच पॉइंटर (मेमरीतला पत्ता) परत मिळतो. तो स्वतः बनवता येत नाही, मागावाच लागतो, आणि मिळाल्यावर बदलता येत नाही. याचा फायदा मोठा. दोन आकडे तेच आहेत का, हे बघायला दोन पॉइंटर ताडले की झालं.

पण सचिवांना हवं होतं, की बिलातल्या प्रत्येक कपातीपुढे नियमाची ओळ दिसावी. "हे पाच पैसे कुठून आले ते दाखव, सभेत विचारतात लोक." मी कॉन्स्टंटच्या पॉइंटरला ओळ क्रमांक जोडणारी यादी केली. तिसऱ्या ओळीतले ५ आणि चाळिसाव्या ओळीतले ५ एकच वस्तू असल्यामुळे सगळ्या कपाती चाळिसाव्या ओळीच्या दिसायला लागल्या. कॉन्स्टंटला जागा नसते, कारण तो कुठलाच नसतो. ओळ नोंदवायची तर तो वापरणाऱ्या सूचनेवर (आयआरमधल्या एका आज्ञेवर) नोंदवावी लागते. आणि एखाद्या ठिकाणचा आकडा बदलायचा असेल तर त्या सूचनेचा ऑपरँड, म्हणजे तिला दिलेला आकडा, बदलायचा, कॉन्स्टंटला हात लावायचा नाही.

सूचनेवर ओळ लिहायला गेलो तर तिथेही खड्डा. आयआरबिल्डरला (सूचना बनवणाऱ्या साधनाला) दोन कॉन्स्टंटची बेरीज सांगितली की तो सूचना बनवतच नाही, जागेवर बेरीज करून तिसरा कॉन्स्टंट हातात ठेवतो. मी परत आलेली वस्तू सूचनाच आहे असं धरून चाललो होतो, प्रोग्रॅम कोसळला. अशी घडी (आधीच केलेला हिशोब) न करणारा दुसरा फोल्डर, म्हणजे घडी घालणारा भाग, देता येतो, तपासणीच्या वेळी मी तोच लावतो. भागाकाराचं आणखी गंभीर आहे. नियमात कुणी पूर्णांकांत "५ भागिले ०" लिहिलं तर घडी होऊन पॉइझन नावाचं, निकाल निरर्थक असल्याचं सांगणारं मूल्य मिळतं आणि कंपायलर एक शब्द बोलत नाही. हा तपास आपल्या भाषेच्या पातळीवरच करायचा. जुन्या धड्यांत भागाकाराच्या कॉन्स्टंट एक्स्प्रेशन (फक्त कॉन्स्टंटच्या बनलेल्या पदावल्या) दिसतील. त्या २०२२ च्या १५ व्या आवृत्तीत काढून टाकल्या आहेत, त्यावर वेळ घालवू नका.

पुढे मी फ्लोट सोडलेच. फॅट शतांशात, रक्कम पैशांत, सगळं पूर्णांक. इथे लक्षात ठेवायचं ते असं, की २००७ च्या २.० आवृत्तीपासून एलएलव्हीएमच्या पूर्णांक प्रकारांना चिन्ह नाही. चिन्ह सूचनेत असतं. लांब गुणाकारांसाठी मी १२८ बिट घेतले आणि उणे ५ पैशांचा कॉन्स्टंट मागताना "चिन्हासह" हा शेवटचा पर्याय द्यायला विसरलो. आकडा ६४ बिटांत उतरून पुढे शून्यं भरली गेली आणि कपात झाली १८४४६७४४०७३७०९५५१६११ पैसे. ही चूक निदान लपून राहत नाही. एक बिटाच्या "खरं"चं मात्र चिन्हासह वाचन उणे १ येतं, ते शांतपणे चुकवतं.

दरपत्रक म्हणजे फॅट ५.० ते १०.० आणि एसएनएफ ८.५ ते ९.५, दोन्ही एका पॉइंटने. ५१ ओळी, ११ रकाने, ५६१ दर. हे कॉन्स्टंटडेटाअॅरेमध्ये, म्हणजे एलएलव्हीएमच्या कॉन्स्टंट आकड्यांच्या यादीत, ठेवलं. त्यात प्रत्येक आकड्याची स्वतंत्र वस्तू होत नाही, सलग बाइट राहतात, ६४ बिटांनी ४४८८ बाइट. सुंदर सोय आहे. फक्त नव्या संस्थेचं कोरं, सगळं शून्य असलेलं पत्रक दिलं की परत येणारी वस्तू वेगळ्याच वर्गाची, "सगळं शून्य" सांगणारी असते. माझा कोड तिथेही अॅरेच शोधत होता.

मध्ये एक आठवडा क्रेनलिफ्ट आणि एमएलआयआर या कंपायलरच्याच दुसऱ्या साधनांवरही काढला. दोन्हीकडे आकडा सूचना किंवा ऑपरेशन म्हणून येतो, त्यामुळे त्याला जागा मिळते. ओळ दाखवण्याचं माझं काम तिथे सोपं झालं असतं. एमएलआयआरमध्ये मात्र घडी करताना सारखे कॉन्स्टंट एकत्र करून वर नेले जातात, म्हणजे तोच प्रश्न थोडा उशिरा येतो. मी एलएलव्हीएमवरच राहिलो.

सध्या माझ्या भाषेचा कॉन्स्टंट वेगळा आहे: टाइप केलेली अक्षरं, एकक आणि ओळ, तिन्ही एकत्र. एलएलव्हीएमचा कॉन्स्टंट अगदी शेवटच्या टप्प्यात मागतो, पूर्ण रुंदी आणि चिन्ह सांगून. या बदलानंतर चार महिने, दर दहा दिवसांच्या बिलात, हाताने काढलेल्या पावत्यांशी पैशाचाही फरक आलेला नाही. सचिवांनी सभेत कपातीची ओळ पडद्यावर दाखवली.