डीडीआरचं कुठलं व्हर्जन घ्यावं? कन्सोल, मॅट आणि टीव्ही तिन्ही बघून माझं मत

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी उत्तर आधीच देऊन टाकते. डान्स डान्स रिव्होल्यूशन (डीडीआर) म्हणजे स्क्रीनवर येणाऱ्या बाणांप्रमाणे ठेक्यावर मॅटवर पाय टाकायचा गेम, त्याचं घरी खेळायला एकच व्हर्जन घ्यायचं असेल तर प्लेस्टेशन २ वरचं डीडीआरमॅक्स२ घ्या, अमेरिकन डिस्क, २००३ ची. नवं नाहीये, दिसायलाही फार भारी नाही, पण शिकायला, घाम गाळायला आणि पुढे अवघड लेव्हलला जायला इतकं सगळं एका डिस्कवर दुसरीकडे मिळणं कठीण आहे. आता हे का, आणि कुणी हे न घेता दुसरं घ्यावं, ते सविस्तर लिहिते, कारण बहुतेक लोक गाण्यांची यादी बघून डिस्क घेतात आणि मग मॅट जुळत नाही किंवा टीव्हीवर टायमिंगच बसत नाही, आणि दोष मात्र गेमला देतात.

गोंधळ कुठून होतो बघा. कोनामी या जपानी कंपनीने हा गेम १९९८ ला आर्केडमध्ये, म्हणजे पैसे टाकून खेळायच्या मशीनवर, आणला, १९९९ ला जपानमध्ये पहिल्या प्लेस्टेशनवर घरी आला, आणि तिथून पुढे पीएस१, पीएस२, एक्सबॉक्स, गेमक्यूब, वी, एक्सबॉक्स ३६०, पीएस३ असं सगळीकडे पसरला. त्यात जपानची डिस्क वेगळी, अमेरिकेची वेगळी, आणि युरोपात तर नावच वेगळं, तिकडे 'डान्सिंग स्टेज' म्हणून विकायचे. सगळ्यात जास्त फसगत होते ती 'एक्स्ट्रीम' नावामुळे. जपानी एक्स्ट्रीम (२००३) आणि अमेरिकन एक्स्ट्रीम (२००४) हे एकच गेम दोन भाषांत असं अजिबात नाहीये, गाणी वेगळी, मेनू वेगळा, भर वेगळा. जपानीमध्ये शंभराहून जास्त गाणी आहेत आणि आर्केडवाल्यांना हवं ते सगळं आहे, अमेरिकनमध्ये पार्टी मोड आणि आयटॉय कॅमेऱ्याचे खेळ. त्यामुळे कुणी "एक्स्ट्रीम घे, बेस्ट आहे" म्हणालं की आधी विचारा, कुठलं एक्स्ट्रीम?

मॅक्स२ मला का आवडतं? पहिलं म्हणजे स्पीड. डीडीआरमॅक्सपासून दोन मोठ्या गोष्टी आल्या, एक फ्रीझ ॲरो म्हणजे पाय दाबून धरून ठेवायचा हिरवा लांब बाण, आणि दुसरी म्हणजे बाण वर सरकायचा वेग आपण निवडू शकतो, दीडपट, दुप्पट, तिप्पट आणि त्याहून पुढेही. नवख्या माणसाला वाटतं की वेग वाढवला की अवघड होणार. होतं उलटं. साध्या वेगात एखाद्या संथ गाण्यातले बाण एकमेकांना अगदी चिकटून येतात, चार-पाच बाणांचा गठ्ठा दिसतो आणि कुठला आधी कुठला नंतर तेच डोळ्याला कळत नाही, तोच पॅटर्न दुप्पट वेगावर ठेवला की दोन बाणांमध्ये मोकळी जागा पडते आणि डावा, खाली, वर, उजवा असं सरळ वाचता येतं. गाणं तेच, ठेका तोच, फक्त वाचायला सोपं. ज्या जुन्या डिस्कमध्ये ही सोय नाही तिथे माणूस मध्यम लेव्हलला येऊन अडकतो, आणि त्याला वाटतं आपले पाय कमी पडतायत, खरं तर डोळे कमी पडत असतात.

दुसरं म्हणजे मॅक्स२ मध्ये गाणं किती अवघड ते दाखवणारी पावलांची चिन्हं पण आहेत, १ ते १०, आणि सोबत ग्रूव्ह रडारही आहे, म्हणजे गाण्यात कुठल्या प्रकारची पावलं किती ते दाखवणारी आकृती. रडारला पाच टोकं असतात, स्ट्रीम, व्होल्टेज, एअर, फ्रीझ आणि केऑस. एअर जास्त म्हणजे दोन्ही पायांनी उड्या जास्त, केऑस जास्त म्हणजे ठेक्याच्या अधेमधे पडणारी पावलं जास्त. खालच्या मजल्यावर लोक राहत असतील तर एअर कमी असलेली गाणी निवडता येतात, ही फार उपयोगी गोष्ट आहे, आणि याचा विचार कुणी करत नाही. शिवाय सगळ्यात सोप्या बिगिनरपासून अवघड हेवीपर्यंत पायऱ्या आहेत, लेसन मोड आहे, वर्कआउट मोडमध्ये कॅलरीचा हिशोब आहे, न थांबता एकामागून एक गाणी खेळायचा एंडलेस मोड आहे, आणि ट्रेनिंग मोडमध्ये गाण्याचा नेमका अडलेला तुकडा हळू करून पुन्हा पुन्हा खेळता येतो. ट्रेनिंग मोड लोक उघडतच नाहीत. उघडा. क्रॉसओव्हर, म्हणजे अंग वळवून डावा पाय उजव्या बाणावर नेणं, हे मला त्यातच जमलं. सुरुवातीला प्रत्येक पावलानंतर मधल्या चौकोनात परत यायची सवय असते, ती तोडायला पण हळू केलेला तुकडाच बरा, पाय जिथे पडला तिथेच ठेवायचा आणि पुढचं पाऊल दुसऱ्या पायाने टाकायचं. ही एक सवय बदलली की निम्मी दमछाक कमी होते.

आता मॅट. गेम कुठलाही घ्या, अर्धा अनुभव मॅटवर आहे. कपड्यासारखी घडी होणारी पातळ मॅट असते तिच्यात आत दोन थर असतात, पाय पडला की ते एकमेकांना टेकतात आणि सिग्नल जातो. ती स्वस्त आणि ठेवायला सोपी, पण गुळगुळीत फरशीवर सरकते, सुरकुत्या पडतात, आणि गाणं संपेपर्यंत तुम्ही मॅटसकट टीव्हीच्या दिशेने पुढे गेलेले असता. खाली प्लायवूडचा तुकडा टाकून त्यावर दुहेरी टेपने चिकटवली तर बरीच सुधारते. बूट घालून तर अजिबात नाही, अनवाणी किंवा मोजे. त्याच्या वरची म्हणजे आत फोमचे जाड ठोकळे घातलेली मॅट, आणि त्याच्या वर धातूचा कडक पॅड. हेवी लेव्हल खेळायची असेल तर शेवटी कडक पॅडच लागतो. पण सुरुवातीलाच इतका खर्च करू नका, फोमवाली मॅट घेऊन आधी बघा आपण खरंच आठवड्यात चार वेळा खेळतोय का.

पीएस२ निवडायचं माझं मोठं कारण पण मॅटच आहे. पीएस१ ची मॅट पीएस२ ला सरळ लागते, पीएस१ च्या डिस्क पण पीएस२ वर चालतात (सेव्ह करायला मात्र पीएस१ चंच मेमरी कार्ड लागतं, पीएस२ चं चालत नाही), त्यामुळे एक कन्सोल आणि एक मॅट एवढ्यात दोन पिढ्यांचे गेम खेळता येतात. बाकी ठिकाणी हा आनंद नाहीये. पहिल्या एक्सबॉक्सची मॅट ३६० ला लागत नाही, प्लगच वेगळा. वीची मॅट गेमक्यूबच्या पोर्टला लागते आणि नंतर आलेल्या काही वी मॉडेल्समधून कंपनीने ते पोर्टच काढून टाकलं, म्हणजे वी मिनी घेतली आणि वीवरचं डीडीआर हॉटेस्ट पार्टी घेतलं तर मॅट लावायची कुठे?

आणि ॲडॉप्टर. "अरे कुठलीही मॅट घे, ॲडॉप्टरने लाव" हा सल्ला ऐकून पैसे घालवू नका, आधी एक गोष्ट तपासा. साध्या कंट्रोलरवर डावं आणि उजवं एकाच वेळी कधी दाबलं जात नाही, त्यामुळे बरेच ॲडॉप्टर हे दोन्ही एकदम आले की एकमेकांना रद्द करून टाकतात. डान्स गेममध्ये तर डावी-उजवी उडी दर गाण्यात आहे. मी एका ॲडॉप्टरवर हे स्वतः बघितलंय, बाकी सगळी पावलं परफेक्ट, आणि दोन्ही पाय दोन्ही बाणांवर ठामपणे उभे असताना स्क्रीनवर मिस, कॉम्बो तुटला, लाइफ बार खाली. मॅट खराब वाटते पण मॅट नीट असते. घेण्याआधी विचारायचं की हा ॲडॉप्टर चारही बाणांना वेगवेगळी बटणं म्हणून पाठवतो का, विकणाऱ्याला सांगता आलं नाही तर सोडून द्या.

टीव्हीबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण यावर कुणी बोलत नाही. पीएस२ च्या काळात घरात जुना जाडजूड सीआरटी टीव्ही असायचा, त्यात सिग्नल आला की चित्र लगेच. आताचा सपाट टीव्ही जुन्या कन्सोलचं चित्र आधी मोठं करतो, सुधारतो, मग दाखवतो, आणि यात वेळ जातो. गेम सेकंदाला ६० फ्रेम धरून चालतो, टीव्हीने नुसत्या तीन फ्रेम खाल्ल्या तरी ५० मिलिसेकंद गेले, आणि 'परफेक्ट' हा शेरा मिळायला असलेली वेळेची फट त्याहूनही लहान असते. तुम्ही अगदी ठेक्यावर पाय टाकता आणि गेम म्हणतो ग्रेट, म्हणजे परफेक्टच्या खालचा शेरा. आवाज टीव्हीतूनच येत असेल तर तो पण उशिरा येतो, मग निदान बाण आणि ठेका एकमेकांशी जुळलेले राहतात आणि थोडं आधी पाय टाकायची सवय लावता येते. पण आवाज कन्सोलमधून थेट वेगळ्या स्पीकरला दिला असेल तर ठेका आधी आणि बाण नंतर असं होतं, ते फार त्रासदायक. टीव्हीचा गेम मोड चालू करा, चित्र 'सुधारणारे' सगळे पर्याय बंद करा, आणि जमलं तर कुणाकडे पडलेला सीआरटी मिळतोय का बघा. नवा कन्सोल घेण्यापेक्षा याने जास्त फरक पडतो हे मी मनापासून सांगते.

आता बाकीची व्हर्जन्स. कोनामिक्स (२००२, पीएस१) हे फक्त जुन्या ढंगाची गाणी आवडत असतील तर घ्या, गाणी भरपूर आहेत, पण स्पीड निवडायची सोय नाही आणि फ्रीझ ॲरो नाहीत, म्हणून पहिली खरेदी म्हणून मी सुचवणार नाही. मॅक्स२ च्या आधीचं साधं डीडीआरमॅक्स चांगलंय पण मॅक्स२ मिळत असताना गरज नाही. एक्स्ट्रीम २ (२००५) आणि सुपरनोव्हा (२००६) मध्ये मिशन पुरी करत करत गाणी उघडायचा मोड आहे, काहींना तो खूप आवडतो, मला डिस्क घातल्या घातल्या हवं ते गाणं हवं असतं त्यामुळे थोडा कंटाळा येतो, पण सुपरनोव्हाची गाणी मस्त आहेत आणि दुसरी डिस्क म्हणून मी तीच घेईन. एक्स्ट्रीम २ च्या कव्हरवरचं ऑनलाइन खेळण्याचं बघून घेऊ नका, ते सर्व्हर कधीच बंद झाले. २००८ च्या डीडीआर एक्सपासून अवघडपणाची पट्टी १ ते २० झाली, म्हणजे जुन्यातला ९ आणि यातला ९ एक नाही, घाबरू नका आणि हुरळूनही जाऊ नका.

जपानी पीएस२ हाताशी असेल तर जपानी एक्स्ट्रीम, याच्यापुढे प्रश्नच नाही. मेनूतले महत्त्वाचे शब्द इंग्रजीतच असतात, जपानी न येता आरामात खेळता येतं. पण पीएस२ रीजन लॉक आहे, अमेरिकन कन्सोलवर जपानी डिस्क चालत नाही.

एक्सबॉक्सवर डीडीआर अल्ट्रामिक्सचे चार भाग आले, २००३ पासून दरवर्षी एक. त्यांची खरी मजा एक्सबॉक्स लाइव्हवरून नवी गाणी उतरवून घेण्यात होती, आणि पहिल्या एक्सबॉक्सची ती सेवा एप्रिल २०१० ला बंद झाली, त्यामुळे आज डिस्कवर जेवढं आहे तेवढंच. घरात एक्सबॉक्स आधीपासून असेल तर घ्या, फक्त यासाठी कन्सोल घेऊ नका. एक्सबॉक्स ३६० वरच्या डीडीआर युनिव्हर्सबद्दलही तेच.

लहान मुलांसाठी घ्यायचं असेल तर मात्र माझं मत पूर्ण बदलतं. गेमक्यूबवरचं मारिओ मिक्स (२००५) घ्या. अवघड लेव्हलला कमी पडतं, सराईत खेळाडूला एका संध्याकाळचं काम, पण मुलांना ओळखीची पात्रं, छोटीशी गोष्ट आणि मधे मधे मिनी गेम, ती तासभर उतरत नाहीत मॅटवरून. वीवरच्या हॉटेस्ट पार्टीत हातात रिमोट धरून हातांच्या हालचाली पण करायच्या असतात, चारचौघं जमले की धमाल येते, पण पायांचं नीट शिकायचं असेल तर हातांच्या हालचालींचा पर्याय बंद करून खेळा.

आणि ज्यांचे पाय आधीच तयार आहेत, आर्केडवर हेवी सहज होतंय, त्यांनी कोनामी बाजूला ठेवून पीएस२ वरचं इन द ग्रूव्ह (२००५) घ्यावं. चार बाण तेच, मॅट तीच, पण यात माइन्स आहेत ज्यांच्यावर पाय टाकायचा नाही, तीन-तीन बाण एकदम येतात तिथे खाली वाकून हात टेकावा लागतो, आणि वरच्या लेव्हल्स खरोखर घाम काढतात. पंप इट अप एक्सीड सुद्धा पीएस२ आणि एक्सबॉक्सवर आहे, पण त्यात चार कोपरे आणि मधलं एक असे पाच पॅनल असतात, तुमची डीडीआरची मॅट तिथे कामाची नाही, वेगळी घ्यावी लागते.

जुनी डिस्क घेताना विकणाऱ्याकडून खालच्या बाजूचा उजेडात काढलेला फोटो मागा. डान्स गेमची गाणी डिस्कवरून सतत वाचली जातात, ओरखडा असेल तर मेनू छान चालतो आणि नेमकं गाण्याच्या मधे आवाज अडकतो. कव्हरच्या पाठीवर रीजनची खूण असते तोही फोटो मागा, एनटीएससी यू/सी म्हणजे अमेरिकन, एनटीएससी जे म्हणजे जपानी, पाल म्हणजे युरोपची. मॅट जुनी घेऊ नका, ती नवीनच घ्या. जुन्या मॅटचा बहुतेक वेळा उजवा किंवा वरचा बाण मेलेला असतो आणि ते फोटोत दिसत नाही.