माजी सैनिक ओळखपत्र: कार्यालयाची सेवा चांगली, पण आधी डिस्चार्ज बुक उघडा

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून मिळणारं माजी सैनिक ओळखपत्र म्हणजे पुढच्या बहुतेक सवलतींची किल्ली: नोकरीतलं आरक्षण, मुलांची शिष्यवृत्ती, घरपट्टीतली सूट. कागद पुरे असतील तर काम सरळ होतं. गाडी अडते ती पात्रतेवर, आणि तिचे नियम दर्शनी फलकावर ठळक लावायला हवेत.

नुसतं ‘फौजेत होतो’ म्हणून भागत नाही. १ जुलै १९८७ पासून निवृत्त झालेल्यांचं डिस्चार्ज बुकातलं, म्हणजे सैन्यातून सुटताना मिळणाऱ्या सेवापुस्तिकेतलं, सुटण्याचं कारण बघतात. जवानांच्या बुकात आर्मी रूल १३(३) तीन(एक) लिहिलेलं असेल, तर भरतीच्या अटी पूर्ण झाल्या, निर्धास्त जा. तीन(चार) म्हणजे स्वतःच्या विनंतीवरून. इथेच गफलत होते. १५ वर्षं भरून, पेन्शन लागून विनंतीवर आलेला माजी सैनिकच. १२ वर्षांवर विनंतीने, पेन्शनविना आलेला नाही. गैरवर्तनावरून काढलेलाही नाही. मेडिकल बोर्डाने घरी पाठवलेल्याला अपंगत्वाची पेन्शन मंजूर असावी लागते. शॉर्ट सर्व्हिसचा, म्हणजे ठराविक वर्षांपुरता घेतलेला, अधिकारी ठरलेली मुदत पुरी करून ग्रॅच्युइटी घेऊन आला, तर पात्र. टेरिटोरियल आर्मीत (अर्धवेळ प्रादेशिक सेनेत) एम्बॉडीड, म्हणजे प्रत्यक्ष बोलावून घेतलेल्या, सलग सेवेची पेन्शन, सेवेमुळे आलेलं अपंगत्व किंवा शौर्यपदक लागतं. सीआरपीएफ, बीएसएफ ही निमलष्करी दलं यात येत नाहीत. चार वर्षांनी परतणाऱ्या अग्निवीरालाही हा दर्जा नाही. त्या पोरांना हे भरतीआधीच स्पष्ट सांगायला हवं.

जाताना डिस्चार्ज बुक आणि पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) मूळ प्रतींसह न्या. आधार, बँक पासबुक, फोटो सोबत ठेवा. सर्वाधिक हेलपाटे पत्नीच्या नावापायी पडतात. लग्नात नाव बदललेलं असतं: आधारवर ‘सुनंदा’, बुकात माहेरची ‘सुमन’. ही दुरुस्ती कल्याण कार्यालयाच्या हातात नाही. प्रतिज्ञापत्र जोडून सैनिकाच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करायचा, पार्ट टू ऑर्डर (नोंद बदलल्याचा लष्करी आदेश) निघाली की पीपीओत बदल करून घ्यायचा. सैनिक हयात असतानाच हे उरका, नाहीतर त्याच्या माघारी कुटुंब निवृत्तिवेतन अडतं आणि बाईला एकटीला धावाधाव करावी लागते.

ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड वेगळं. त्याला साधारणपणे पेन्शन लागते. माजी सैनिक ओळखपत्र दाखवून त्या योजनेच्या पॉलिक्लिनिकमध्ये उपचार मिळत नाहीत.