व्हीलचेअर किंवा कुबडी घेऊन धुळ्यातल्या या डान्स हॉलला जाणार असाल तर

देवपुरातला हॉल आहे. सकाळी योगा, संध्याकाळी लेझीम, गरबा, लहान पोरांचा डान्स आणि शनिवारी सगळ्यांची मिळून एक बॅच, जिच्यात वय, वजन, शरीर काहीच बघत नाहीत. फी आणि टायमिंग फोनवर सांगतात, त्यात मी शिरत नाही. मला लिहायचंय ते आत जायचं कसं, बसायचं कुठे, बाथरूमचं काय, याबद्दल, कारण माझ्या ताईला लहानपणापासून एका पायाला पोलिओ आहे, कॅलिपर (पायाला बांधायचा आधाराचा पट्टा-सळ्यांचा सांगाडा) आणि कुबडीवर चालते आणि लांब जायचं असलं की व्हीलचेअर घेतो. आम्ही शिरपूरहून येतो, म्हणजे एसटीच्या उंच पायऱ्या, मग स्टँडवरून रिक्षा, एवढं करून पोचल्यावर दारातूनच परत फिरायची वेळ आली तर माणूस रडकुंडीला येतो.

बाकी ठिकाणी फोन केला की एकच उत्तर, "हो हो सगळी सोय आहे, या तुम्ही." गेलं की चार पायऱ्या आणि खुर्चीसकट उचलायला दोन पोरं उभी. पोरं मनाने चांगली असतात पण ताईला उचलून नेलेलं अजिबात आवडत नाही, आणि का आवडावं? इथे मी फोन केला तर मॅडमनी पहिलं विचारलं की ताई शेजारी आहेत का, त्यांच्याशीच बोलते. मग व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज आणि गेटपासून हॉलपर्यंत चालत काढलेला व्हिडिओ पाठवला. रिक्षा कोणत्या बाजूला थांबवायची, पेव्हर ब्लॉक कुठे खचलेत, दाराची रुंदी किती, पंखे कूलर लावल्यावर आवाज किती होतो, सगळं त्यात होतं. आणि जे नाही तेही सरळ लिहिलेलं, वरच्या मजल्याला लिफ्ट नाही म्हणून शनिवारची बॅच कायम खालीच, साइन लँग्वेज येणारं कोणी नाही, पार्किंग रस्त्यावरच. मला हेच सगळ्यात जास्त आवडलं. खरं सांगितलं की आपण तयारीने जातो, काय सोबत न्यायचं ते कळतं आणि नाही जमणार वाटलं तर घरीच ठरवता येतं.

रॅम्प खरा रॅम्प आहे. हिशोब 1:12 चा असतो, म्हणजे जोतं एक फूट उंच असेल तर उतार 12 फूट लांब पाहिजे. इथलं जोतं दीड फूट आहे आणि रॅम्प 18 फूट, मधे वळायला सपाट जागा, त्यामुळे ताई स्वतः चाकं फिरवत वर गेली, मी फक्त मागे चालत होते. आपल्याकडे गाडी आत घ्यायला पाच फुटाचा उभा उतार करतात आणि त्यालाच रॅम्प म्हणतात, त्यावरून व्हीलचेअर मागे पलटी होते हो. एक गोष्ट मात्र खास आपल्या खान्देशातली, रेलिंग स्टीलचं आहे आणि एप्रिल-मे मधे दुपारी चार वाजता त्याला हात लावला तर भाजतो. ताईने सांगितलं तर पुढच्या वेळी वरच्या पाइपला सुतळी गच्च गुंडाळलेली होती, आता मुठीत पकडही चांगली बसते. वर पत्र्याची शेड टाकली तर अजून बरं होईल.

आतली जमीन लाकडी आहे. कोटा फरशीवर पाणी सांडलं की कुबडी सरकते, इथे तसं होत नाही, तरी पोछा मारल्यावर वाळेपर्यंत थांबायला सांगतात. पाठ असलेल्या, हात नसलेल्या खुर्च्या भिंतीला लावून ठेवल्यात, कोणीही ओढून घ्या, ज्यांचे गुडघे दुखतात त्या मावश्याही घेतात. लेझीमचे हात बसून करायचे आणि पायाच्या ठेक्याच्या जागी लेझीम मांडीजवळ खाली आणायचं, असं सरांनी आधी स्वतः खुर्चीत बसून करून दाखवलं, ताईला एकटीला बाजूला काढून नाही, सगळ्या बॅचलाच. हात धरायच्या आधी विचारतात. ऐकू न येणारा एक मुलगा आहे, तो अनवाणी ढोलाच्या अगदी जवळ उभा राहतो, लाकडातून ठोका तळपायाला लागतो आणि त्याचा ताल कधी चुकत नाही. पहिल्या दिवशी एक आजी ताईजवळ येऊन बसल्या, "कशी शे वं माय" म्हणाल्या आणि मग कानबाईच्या, म्हणजे आपल्या खान्देशातल्या देवीच्या, गाण्यांवरच गप्पा, पायाचं कोणी विचारलंसुद्धा नाही.

आता कमी काय ते. बाथरूमचं दार आत उघडतं. व्हीलचेअर आत गेली की दार लागत नाही, बाहेर मला पडदा धरून उभं राहावं लागतं, हे काही बरोबर नाही. कमोड आहे, धरायला दांडी आहे पण एकाच बाजूला, आणि ज्याचा उजवा हात कमजोर आहे त्याला ती उपयोगी नाही. बिजागऱ्या बदलून दार बाहेर उघडणारं करायला सुताराचं एका दिवसाचं काम आहे, मी सांगितलंय, पावसाळ्याआधी करू म्हणालेत. हे काही उपकार मागणं नाही, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात खासगी सेवा देणारेही येतात. म्हणून एक स्टार कापला, दार झालं की देईन.

सोबत येणाऱ्याला फी नाही. जाण्याआधी आदल्या दिवशी फोन करा आणि आपल्याला नेमकं काय लागतं ते मोकळेपणाने सांगा, व्हीलचेअरची रुंदी मोजून सांगितलीत तर फार बरं. कुबडीच्या खालचं रबर झिजलं असेल तर बदलून जा. आणि उन्हाळ्यात सकाळची बॅच घ्या.