लिबरल स्टडीजमधून सामाजिक धोरण: चर्चा भरपूर, आकडेमोड आपली आपण

अमेरिकेतल्या संध्याकाळच्या एमए लिबरल स्टडीजमध्ये (अनेक मानव्य आणि सामाजिक विषय एकत्र शिकवणारा अभ्यासक्रम) 'सोशल अँड पब्लिक पॉलिसी' हा गट घेऊन वर्ष होत आलं. माझी तक्रार एकच, पण मोठी: संख्याशास्त्राचा एकही विषय सक्तीचा नाही. आणि कॅपस्टोनचा, म्हणजे शेवटच्या मोठ्या प्रकल्पाचा, प्रस्ताव दिला की पहिला प्रश्न येतो, "डेटा कुठला वापरणार?"

डेटा मिळतो हो. अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे, म्हणजे अमेरिकी जनगणना खात्याची दरवर्षीची पाहणी, इपम्स (IPUMS) या डेटाच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतो. घोळ त्यानंतर होतो. तिथल्या 'पॉव्हर्टी' रकान्यात उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या किती टक्के आहे ते असतं, म्हणून १०० पेक्षा कमी ते सगळे गरीब असं धरलं जातं. पण तिथे ० म्हणजे 'लागू नाही'. वसतिगृहातले विद्यार्थी, तुरुंगातले कैदी त्यातच येतात. १ ते ९९ एवढंच घ्या, नाहीतर कॉलेजच्या गावात गरिबी भलतीच फुगते. एकूण उत्पन्नाच्या रकान्यात ९९९९९९९ हाही 'लागू नाही'चा कोडच आहे, १५ वर्षांखालच्या मुलांसाठी; सरासरीआधी तो काढायलाच हवा. माणसं मोजताना पर्सन वेट लावा (डेटातली एक ओळ किती माणसांच्या वतीने आहे तो आकडा). कुटुंबं मोजताना हाउसहोल्ड वेट, आणि दर घरामागे एकच ओळ ठेवा. यातलं काहीही वर्गात शिकवत नाहीत, याचा मला खरंच राग आहे.

इतिहास-तत्त्वज्ञानाचे तास मात्र पहिल्या सत्रात वेळकाढू वाटले होते, ते मत आता पूर्ण बदललंय. अमेरिकी सरकारातल्या अर्थतज्ज्ञ मॉली ऑर्शान्स्की यांनी १९६० च्या दशकात तिथली दारिद्र्यरेषा बांधली ती किमान आहाराच्या खर्चाची तिप्पट धरून, कारण १९५५ च्या पाहणीत कुटुंबाच्या उत्पन्नाचा साधारण तिसरा हिस्सा अन्नावर जात होता. १९६९ मध्ये ती सरकारी झाली. आजही ती फक्त महागाईनुसार वाढते. (आपल्याकडे अर्थतज्ज्ञ दांडेकर आणि रथ यांनी १९७१ मध्ये २२५० कॅलरींवरून रेषा काढली, सुरुवात तिथेही पोटापासूनच.) शिवाय अमेरिकेच्या अधिकृत मोजणीत फूड स्टॅम्प (अन्नखरेदीसाठीची सरकारी मदत) आणि करसवलती उत्पन्नात धरतच नाहीत. म्हणजे फूड स्टॅम्पची रक्कम वाढवली तरी त्या रकमेने अधिकृत गरिबी कमी होत नाही. तो परिणाम दाखवायचा तर २०११ पासूनचं पूरक मोजमाप (सप्लिमेंटल पॉव्हर्टी मेझर) घ्यावं लागतं, त्यात ही मदत धरतात. हे न कळता लिहिलेला पॉलिसी मेमो (धोरणावरचं टिपण) पहिल्याच परिच्छेदात कोसळतो, आणि हे कळलं ते त्याच 'वेळकाढू' तासांमुळे.

एच-४ वर (एच-१बीसारख्या नोकरीच्या व्हिसावरच्या माणसाच्या जोडीदाराचा किंवा मुलांचा व्हिसा) असणाऱ्यांना अर्धवेळ शिकता येतं, त्यांना हा अभ्यासक्रम सोयीचा. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर येणाऱ्यांनी आय-२० (त्या व्हिसासाठी कॉलेजने द्यायचा दाखला) मिळतो का ते आधी विचारावं; अर्धवेळ अभ्यासक्रमाला बहुधा मिळत नाही. लिबरल स्टडीज स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) मोडत नसल्याने ओपीटी, म्हणजे एफ-१ वाल्यांना शिक्षणानंतर मिळणारी कामाची मुभा, तीही १२ महिन्यांचीच. प्रवेश घेतलाच तर समाजशास्त्र किंवा धोरण विभागातला संख्याशास्त्राचा एक विषय ऐच्छिक म्हणून मोजतील, असं फी भरण्याआधी लेखी घ्या आणि तो दुसऱ्याच सत्रात उरका.