सीटी स्कॅन सेंटर: छातीच्या हाडातलं भोक नॉर्मल निघालं

आईचा छातीचा सीटी इथे केला. मशीन चांगलंय, रिपोर्ट संध्याकाळी मिळाला, पण मी ५ स्टार देतेय ते रेडिऑलॉजिस्ट मॅडमसाठी. रिपोर्टमध्ये 'स्टर्नल फोरामेन' म्हणजे छातीच्या मधल्या हाडात भोक असं वाचून आम्ही सगळे घाबरलो, कॅन्सरने हाड खाल्लं की काय असंच वाटलं. मॅडमनी स्क्रीनवर सगळं दाखवलं, त्या हाडाचा वरचा रुंद भाग मॅन्युब्रियम, मग मधला लांब भाग म्हणजे बॉडी, दोन्ही जुळतात तिथे दुसरी बरगडी येते, आणि खालचं टोक झायफॉइड, ते तर कुणाचं वाकडं कुणाचं दुभंगलेलं, तेही नॉर्मलच. बॉडीच्या खालच्या भागातलं गोल भोक जन्मापासूनचं, साधारण ५ टक्के लोकांत असतं. कडा गुळगुळीत आणि आजूबाजूला सूज किंवा गाठ नाही म्हणून काळजी नको म्हणाल्या. साध्या समोरून काढलेल्या एक्स-रेत हे हाड मणक्यावर येतं त्यामुळे नीट दिसतच नाही. एक मात्र बजावलं, छातीवर ॲक्युपंक्चर करणार असाल किंवा त्या हाडातून बोनमॅरो काढायचा असेल तर आधी सांगा, कारण मागे लगेच हृदय आहे. एवढं समजावून कोण सांगतं हो आजकाल! पार्किंगची मात्र बोंब आहे, रिक्षानेच जा.