मॅकवर न उघडणारी ई-पुस्तकं: कॅलिबर किती कामाचं?

मॅकमधल्या अ‍ॅपल बुक्सला ईपब आणि पीडीएफ चालतात. मोबी, एझेडडब्ल्यू३, एफबी२ किंवा डीजेव्हीयू फाइल दिली तर ते ती घेत नाही. फाइलच्या नावातलं ‘मोबी’ खोडून तिथे ‘ईपब’ लिहिण्याचा उपाय बरेच जण करून बघतात. त्याने नाव तेवढं बदलतं, आतली रचना तीच राहते. फाइल रूपांतरितच करावी लागते, आणि त्यासाठी कॅलिबर हे मोफत, मुक्तस्रोत अ‍ॅप आम्हाला सर्वात भरवशाचं वाटतं. कोविद गोयल यांनी २००६ मध्ये सोनीच्या ई-रीडरसाठी ते लिहायला सुरुवात केली. आवृत्ती ६ पासून ते अ‍ॅपलच्या एम चिपवर थेट चालतं. जुना मॅक असेल तर कॅलिबरच्या संकेतस्थळावरून जुनी आवृत्ती घ्या.

फक्त वाचायचं असेल तर रूपांतराच्या फंदात पडूच नका. फाइल कॅलिबरच्या खिडकीत ओढून टाका, पुस्तक निवडा आणि ‘व्ही’ दाबा; त्याच्याच व्ह्यूअरमध्ये ते उघडतं. कॉमिक्सच्या सीबीआर, सीबीझेड फायलीही तिथे चालतात. पुस्तक आयफोन-आयपॅडवरही हवं असेल तर ‘सी’ दाबा, उजवीकडे वरच्या कोपऱ्यात आउटपुट फॉरमॅट ‘ईपब’ निवडा आणि ओके करा. खाली उजवीकडचं ‘जॉब्स’चं चक्र थांबलं की ‘सेव्ह टू डिस्क’ने फाइल बाहेर काढा आणि अ‍ॅपल बुक्समध्ये टाका. मोबी आणि एझेडडब्ल्यू३ यांचं रूपांतर बहुतेक वेळा अनुक्रमणिकेसकट स्वच्छ होतं.

पीडीएफचं मात्र तसं नाही, आणि मराठी वाचकाला खरा त्रास इथेच होतो. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये जुळवलेल्या पुस्तकात अक्षरं दिसतात देवनागरी, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. रूपांतर केलं की पानभर इंग्रजी अक्षरांचा चिवडा उरतो. युनिकोड, म्हणजे खरी देवनागरी अक्षरं साठवणाऱ्या, पीडीएफमध्येही ऱ्हस्व वेलांटी भलत्या अक्षराला चिकटते, जोडाक्षरं तुटतात. हा दोष कॅलिबरचा नाही. पीडीएफ अक्षरं कुठे छापायची ते सांगते. ती कोणत्या क्रमाने वाचायची याची हमी देत नाही. मराठी पीडीएफ पीडीएफ म्हणूनच वाचावी, हे आमचं स्पष्ट मत.

स्कॅन केलेल्या डीजेव्हीयू पुस्तकांचीही तीच गत. आत मजकुराचा थर असेल तरच कॅलिबर तो उचलतं, नुसत्या पानांच्या चित्रांतून ते अक्षरं ओळखत नाही. अशी पानं नुसती वाचायला डीजेव्ह्यू (DjView) हे वेगळं मोफत अ‍ॅप घ्या. पुस्तक इंटरनेट आर्काइव्हवरचं असेल तर त्याच पानावर बहुधा पीडीएफही मिळते, ती आधी बघा.

किंडलवर विकत घेतलेल्या पुस्तकाला डीआरएमचं, म्हणजे नक्कल रोखणारं, कुलूप असेल तर कॅलिबर तसं सांगून थांबतं. ते पुस्तक किंडलच्याच अ‍ॅपमध्ये वाचावं लागतं. एसीएसएम नावाची फाइल मिळाली असेल तर ते पुस्तकच नव्हे, पुस्तक उतरवून घेण्याची परवानगी आहे. ती अ‍ॅडोबी डिजिटल एडिशन्समध्ये उघडा.

वापरताना एक पथ्य कडक पाळा. कॅलिबर प्रत्येक पुस्तकाची प्रत आपल्या ‘कॅलिबर लायब्ररी’ फोल्डरमध्ये लेखकवार ठेवतं आणि त्यांची नोंद एका डेटाबेसमध्ये करतं. फाइंडरमधून तिथली नावं बदलली किंवा फायली हलवल्या की नोंदी आणि फायली यांचा मेळ तुटतो. हा फोल्डर आयक्लाउडशी जोडलेल्या डेस्कटॉप किंवा डॉक्युमेंट्समध्येही ठेवू नका. अर्धवट सिंक झालेला डेटाबेस बिघडतो. मूळ ‘होम’ फोल्डरमधली जागाच योग्य.

कॅलिबरचा चेहरामोहरा जुनाट आहे, बटणांची गर्दी आहे. शिवाय नवी आवृत्ती आली की ते नुसती सूचना देतं. डीएमजी, म्हणजे मॅकवर अ‍ॅप बसवण्याची फाइल, दर वेळी स्वतः उतरवून अ‍ॅप जुन्या अ‍ॅपच्या जागी ठेवावी लागते. पुस्तकं आणि सेटिंग वेगळ्या फोल्डरमध्ये असल्याने त्यांना धक्का लागत नाही.