लीपनंतर पॅप की एचपीव्ही चाचणी?
गर्भाशयमुखावरचा कर्करोगपूर्व भाग लीपने (विजेच्या तारेच्या फासाने केलेल्या छोट्या शस्त्रक्रियेने) काढला, म्हणजे तो दोष निर्माण करणारा एचपीव्ही हा विषाणूही गेलाच असं नाही. परळला ओपीडीच्या रांगेत वहिनींनी मला हेच विचारलं: ६ महिन्यांनी पॅप करू की एचपीव्ही?

पॅप स्वस्त, सहज होते. पण ती गर्भाशयमुखावरून घेतलेल्या पेशींतले बदल बघते. उरलेला दोष तिच्या नजरेतून निसटू शकतो. एचपीव्ही चाचणी थेट विषाणूच शोधते. उपचारानंतर बहुतेकींच्या शरीरातून तो हळूहळू नाहीसा होतो. टिकून राहिला, विशेषतः प्रकार १६, तर आजार परतण्याचा धोका वाढतो. महाग आहे खरी, तरी मी एचपीव्हीच सांगितली. पॉझिटिव्ह आली तर कोल्पोस्कोपी, म्हणजे भिंगातून गर्भाशयमुखाची तपासणी, करायची. आणि नवऱ्यावर संशय मुळीच नको. हा विषाणू लैंगिक संबंधातून येतो खरा, पण वर्षानुवर्षे लपून राहू शकतो.